निवडुंगाचा नशेचा अर्क : स्वयंपाकघर ही प्रयोगशाळा नव्हे



आरोग्याच्या या पानावर आम्ही आजवर दारू, गुटखा आणि गांजा यांच्याविषयी लिहिले. या वेळचा विषय तुम्हाला लांबचा वाटेल. अमेरिकेत आणि युरोपात काही छांदिष्ट माणसे कुंडीत विशिष्ट जातीचे निवडुंग वाढवतात आणि घरच्या घरी त्यांतून नशेचे द्रव्य वेगळे काढतात. ती स्वतःला नशेबाज म्हणवत नाहीत. बागकाम आणि रसायनशास्त्र यांची आवड म्हणून आपण हे करतो, असे ती सांगतात. "हे झाडाचे आहे, निसर्गाचे आहे, मग अपाय कसला?" हे त्यांचे आवडते वाक्य.

हेच वाक्य आपल्या वस्तीतही वेगवेगळ्या रूपांत ऐकू येते. भांग झाडाची, गांजा झाडाचा, म्हणून तो दारूपेक्षा बरा. त्यामुळे या दूरच्या उदाहरणातून एक गोष्ट नीट समजून घेऊ. झाडातून आलेली वस्तू निरुपद्रवी असतेच असे नाही. आणि जी बाटलीत उतरते, ती तर झाडाचीही उरलेली नसते.

हे निवडुंग कोणते?

निवडुंग म्हणजे कॅक्टस मूळचे अमेरिका खंडातले. आपल्याकडे माळरानावर दिसणारा फड्या निवडुंगही तिकडूनच आला. बाजारात मिळणारे ड्रॅगन फ्रूट हेही एका निवडुंगाचेच फळ. म्हणजे सगळे निवडुंग वाईट, असा अर्थ कोणी काढू नये.

नशेच्या संदर्भात दोन झाडांची नावे पुढे येतात. पहिले पेयोटे. हे टेक्सासच्या दक्षिण भागात आणि मेक्सिकोच्या उत्तरेकडील कोरड्या प्रदेशात उगवते. त्याला काटे नसतात. जमिनीलगत बसलेल्या हिरव्या-करड्या गोल बटणासारखे ते दिसते. रानात ते फार सावकाश वाढते. बी रुजल्यापासून पूर्ण वाढ होण्यास दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. दुसरे सॅन पेद्रो. हे पेरू आणि इक्वेडोरच्या अँडीज पर्वतातले, खांबासारखे सरळ उंच वाढणारे. शोभेचे झाड म्हणून ते अनेक देशांत लावतात. या दोन्हींत मेस्कॅलीन नावाचे द्रव्य असते. डोळ्यांपुढे नसलेले रंग आणि आकार दिसणे, काळाचे भान सुटणे, मन अतिशय हळवे होणे हे त्याचे परिणाम.

आपल्याकडे शेताच्या कुंपणाला लावतात तो थोर किंवा शेर दिसायला निवडुंगासारखा असला तरी तो कॅक्टस नव्हे. त्याचे कुळ वेगळे आहे. तो तोडला की पांढरा चीक येतो. हा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याच्या काचेला जखम होते आणि दृष्टी धोक्यात येते. तेव्हा नशेच्या गोष्टी ऐकून कोणी कुंपणावरचा थोर चाखून पाहू नये आणि मुलांनाही त्याच्याशी खेळू देऊ नये.

ज्यांचे झाड, त्यांचा इतिहास

पेयोटेचा वापर आजकालचा नाही. टेक्सासमधील गुहांत सापडलेले पेयोटेचे जुने नमुने पाच हजार वर्षांहून अधिक प्राचीन आहेत. मेक्सिकोतील विरारिका लोक आजही पेयोटेसाठी वाळवंटातील विरिकुता या पवित्र ठिकाणी यात्रेला जातात. पेरूत चाविन दे हुआंतार येथील प्राचीन दगडी शिल्पात एक आकृती हातात सॅन पेद्रोसारखा निवडुंग धरून उभी आहे.

बाहेरून आलेल्या सत्ताधाऱ्यांनी या लोकांची ही रीत गुन्हा ठरवली. स्पॅनिश धर्मन्यायालयाने १६२० साली मेक्सिकोत पेयोटेवर बंदी घातली. पुढे अमेरिकेतही आदिवासींच्या या विधीवर वारंवार बंधने आली. आपला विधी कायद्याच्या चौकटीत टिकावा म्हणून त्यांनी १९१८ साली ओक्लाहोमा राज्यात नेटिव्ह अमेरिकन चर्च या नावाने संस्था नोंदवली. तरीही त्यांची परीक्षा संपली नाही. ओरेगॉन राज्यात विधीमध्ये पेयोटे घेतले म्हणून दोन माणसांना नोकरीतून काढले गेले आणि त्यांना बेकारी भत्ताही नाकारला. त्यांपैकी आल्फ्रेड स्मिथ हे क्लामाथ या आदिवासी समाजाचे होते. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९० साली निकाल त्यांच्या विरोधात लागला. त्यानंतर लढा उभा राहिला आणि १९९४ साली अमेरिकेच्या संसदेने कायदा करून आदिवासींच्या पेयोटे विधीला संरक्षण दिले.

हा इतिहास सांगण्यामागे आमचा हेतू आहे. ज्या समाजाला एका झाडासाठी शिक्षा, बेकारी आणि अपमान सोसावा लागला, त्याच झाडाकडे आता सुखवस्तू माणसे छंद म्हणून पाहतात. त्याचे परिणाम रानावर दिसतात. पेयोटे काढताना वरचे बटण नीट कापले तर मूळ पुन्हा फुटते. मुळासकट उपटले तर झाड मरते. चोरून उपटणारे, जमीन नांगरणारे आणि बांधकाम करणारे या सगळ्यांमुळे आज पेयोटे धोक्यात आलेल्या वनस्पतींच्या जागतिक यादीत आहे. म्हणूनच २०२० साली नेटिव्ह अमेरिकन चर्चच्या प्रतिनिधींनी नशेवरील बंदी उठवण्याची मागणी करणाऱ्यांना सांगितले की, तुमच्या मोहिमेतून पेयोटे वगळा. कोलोरॅडो राज्याने २०२२ साली मतदान घेऊन काही वनस्पतिजन्य द्रव्यांचा प्रौढांनी स्वतःपुरता वापर करण्यास मोकळीक दिली, तेव्हा पेयोटेला त्यातून वगळले होते.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवू. नवाहो समाजातील नेटिव्ह अमेरिकन चर्चच्या सभासदांची तपासणी करून २००५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षानुवर्षे विधीत पेयोटे घेणाऱ्यांच्या स्मरणशक्तीला किंवा बुद्धीला त्यात बाधा आढळली नाही. मग छांदिष्टांचे म्हणणे खरे मानायचे का? नाही. त्या लोकांच्या विधीत जाणती वडीलधारी माणसे असतात, रात्रभर एकत्र बसणे असते, ठरलेली शिस्त असते. ते झाड जसे आहे तसे घेतात. त्यातून रसायने वापरून अर्क काढत नाहीत. शिवाय अनेक सभासद या चर्चच्या आधाराने दारूपासून दूर राहतात. यातली एकही गोष्ट छांदिष्टाच्या स्वयंपाकघरात नसते.

प्रयोगशाळेतून घरात

१८९७ साली आर्थर हेफ्टर या जर्मन शास्त्रज्ञाने पेयोटेतून मेस्कॅलीन वेगळे केले आणि स्वतः घेऊन पाहिले. एर्न्स्ट श्पेट यांनी १९१९ साली ते झाडाशिवाय, प्रयोगशाळेत तयार केले. १९५३ साली ऑल्डस हक्स्ले या इंग्रज लेखकाने मेस्कॅलीन घेऊन पाहिले आणि त्यावर पुस्तक लिहिले. त्या पुस्तकाने सुशिक्षित तरुणांत याचे मोठे कुतूहल निर्माण केले. पण हक्स्ले यांनी घेतलेले द्रव्य शुद्ध आणि मोजलेले होते, आणि शेजारी मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर बसलेले होते. ही गोष्ट मात्र कुतूहलापोटी विसरली जाते.

संयुक्त राष्ट्रांच्या १९७१ च्या करारात मेस्कॅलीनचा समावेश सर्वांत कडक नियंत्रणाच्या यादीत झाला. मात्र शोभेचा सॅन पेद्रो कुंडीत लावायला अमेरिकेत अडचण येत नाही. त्यातून द्रव्य काढणे हा गुन्हा. या फटीतून घरगुती अर्काचा छंद वाढला.

घरात नेमके काय धोक्याचे असते?

अर्क कसा काढतात हे आम्ही इथे सांगणार नाही. धोका मात्र सांगायलाच हवा. या उद्योगात तीव्र क्षार, तीव्र आम्ल आणि पेट घेणारी द्रावके लागतात. म्हणजेच कॉस्टिक सोड्यासारखी, ॲसिडसारखी आणि थिनर-पेट्रोलच्या जातीची रसायने. कारखान्यात अशा कामाला वाफ खेचणारे पंखे, चष्मा, हातमोजे, ठिणगी न उडणारी यंत्रे आणि आग विझवण्याची सोय असते. घरात काय असते? एक खोली, गॅसची शेगडी, फ्रिज आणि खेळणारे मूल.

द्रावकाची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही. जमिनीलगत पसरते आणि दूरच्या शेगडीपर्यंत किंवा देवळीतल्या मेणबत्तीपर्यंत पोहोचते. फ्रिज सुरू होताना किंवा दिव्याचे बटण दाबताना उडणारी बारीक ठिणगीही तिला पुरते. आधी भडका उडतो, मग आग लागते. ज्या कोलोरॅडो राज्याने वापराला मोकळीक दिली, त्याच राज्याने २०२३ च्या कायद्यात परवान्याशिवाय अशा धोकादायक द्रावकांनी अर्क काढणे हा गंभीर गुन्हा ठेवला आहे. यातच सगळे आले.

दुसरा धोका बाटलीत उतरलेल्या पदार्थाचा. त्यात किती मेस्कॅलीन आहे, किती क्षार राहिला आहे, द्रावक पूर्ण उडाले की नाही, हे डोळ्यांनी कळत नाही. एकाच जातीच्या दोन झाडांत द्रव्याचे प्रमाण कित्येक पटींनी वेगळे असते. झाड खाऊन पाहणाऱ्याला कडूपणा आणि उलटी तरी थांबवते. अर्कात ती अडचण काढून टाकलेली असते, म्हणून मात्रा चुकणे सोपे होते.

शरीरावर आणि मनावर परिणाम

मेस्कॅलीनचा परिणाम सुरू व्हायला एक-दोन तास लागू शकतात. "काहीच होत नाही" असे वाटून माणूस आणखी घेतो आणि मग दोन्ही मात्रा एकदम चढतात. परिणाम दहा-बारा तास टिकतो. मळमळ, उलटी, घाम, थरथर होते. नाडी आणि रक्तदाब वाढतो, बाहुल्या मोठ्या होतात. ज्याला हृदयविकार किंवा रक्तदाब आहे त्याला हे जड जाते. कोणाला प्रचंड भीती वाटते, कोणी गच्चीकडे किंवा रस्त्याकडे धावतो. स्वतःला किंवा घरात कोणाला तीव्र मानसिक आजार असेल तर अशा द्रव्यामुळे तो आजार उफाळून येऊ शकतो. मनाच्या आजाराची औषधे चालू असताना ते घेणे अधिकच धोक्याचे.

काही जण म्हणतात, अशा द्रव्यांवर डॉक्टर संशोधन करतात, म्हणजे ती औषधेच. संशोधन होते हे खरे. पण ते शुद्ध, मोजलेल्या मात्रेत, रुग्णाची आधी तपासणी करून आणि देखरेखीखाली होते. त्या नावाखाली घरचा अर्क औषध ठरत नाही.

त्याच बाटल्या आपल्या घरातही आहेत

आता आपल्या दाराशी येऊ. छांदिष्टांना जाळणारी रसायने आपल्या मोरीत आणि माळ्यावर असतातच. मोरी तुंबली की कॉस्टिक सोडा, संडासासाठी ॲसिड, रंगकामासाठी थिनर, कुठे अजूनही रॉकेल. आपल्यापैकी कित्येक जण सफाईच्या, रंगाच्या आणि कारखान्याच्या कामावर ही रसायने रोज हाताळतात. म्हणून पुढचे प्रथमोपचार घरातल्या प्रत्येकाला माहीत हवेत.

त्वचेवर पडले तर : भिजलेले कपडे लगेच काढा. कोरडी भुकटी असेल तर आधी कोरड्या कपड्याने झटका. मग वाहत्या पाण्याने निदान वीस मिनिटे धुवा. क्षारावर लिंबू-व्हिनेगर किंवा ॲसिडवर सोडा लावू नका. त्याने उष्णता निर्माण होऊन भाजणे वाढते. हळद, टूथपेस्ट, शाई, तूप काही लावू नका. क्षाराने भाजलेले सुरुवातीला फार दुखत नाही, पण तो आत खोल जात राहतो. दुखत नाही म्हणून घरी थांबू नका.

डोळ्यात गेले तर : एक मिनिटही न दवडता पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याची धार सोडा. धार नाकाकडून कानाकडे जावी, म्हणजे दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही. अर्धा तास धुवा. चोळू नका. नंतर थेट रुग्णालय. आधी पाणी, मग रिक्षा, हा क्रम लक्षात ठेवा.

पोटात गेले तर : उलटी करवू नका. मिठाचे पाणी, दूध जबरदस्तीने पाजू नका. क्षार किंवा ॲसिड वर येताना अन्ननलिका दुसऱ्यांदा जळते. रॉकेल-थिनर उलटीबरोबर फुप्फुसात गेले तर जिवावर बेतते. तोंड पाण्याने खळखळून घ्या, बाटली सोबत घ्या आणि रुग्णालय गाठा. १०८ ला फोन करा.

आणि सर्वांत महत्त्वाचे : थंड पेयाच्या किंवा पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ॲसिड, रॉकेल, थिनर कधीही भरू नका. मूल बाटलीचा आकार ओळखते, आतला पदार्थ ओळखत नाही.

कोणी असे काही घेतलेले आढळले तर

आरडाओरडा, मारहाण, बांधून ठेवणे टाळा. मंद उजेडाच्या शांत जागी बसवा. चाकू, शेगडी, गच्ची आणि रस्ता यांपासून दूर ठेवा. ओळखीच्या एकाच माणसाने जवळ बसून हळू आवाजात बोलावे : "तू घरी आहेस, हे उतरणार आहे." बेशुद्ध पडला तर कुशीवर वळवा. झटके, छातीत दुखणे, अंग तापणे, बेशुद्धी यांपैकी काहीही दिसले तर लगेच १०८. काय घेतले ते डॉक्टरांना खरे सांगा. लपवले तर उपचार चुकतात. "अंगात आले" म्हणून मांत्रिकाकडे किंवा भगताकडे नेण्यात वेळ घालवू नका. हा मेंदूवर झालेला रसायनाचा परिणाम आहे.

कायदा काय म्हणतो?

आपल्या देशात 'गुंगीकारक औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५' लागू आहे. त्याच्या यादीत मेस्कॅलीन आहे. ते बनवणे, बाळगणे, विकणे हा कलम २२ खाली गुन्हा आहे. अल्प प्रमाणासाठीही एक वर्षापर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. व्यावसायिक प्रमाणासाठी दहा ते वीस वर्षे आणि किमान एक लाख रुपये दंड. कलम २५ प्रमाणे, अशा कामासाठी जाणूनबुजून आपले घर किंवा खोली वापरू देणाराही गुन्हेगार ठरतो. म्हणून "फक्त एक खोली भाड्याने द्या, विचारू नका" असे कोणी म्हटले तर सावध व्हा. मोठा मासा सुटतो आणि खोलीवाला अडकतो.

याच कायद्यात कलम ६४-अ आहे. व्यसनात सापडलेली व्यक्ती स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर सेवनाच्या आणि अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. म्हणून भीतीपोटी उपचार टाळू नका. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मनाच्या त्रासासाठी टेली-मानस १४४१६ या क्रमांकांवर विनामूल्य बोलता येते.

शेवटी एवढेच

पंचशीलातील पाचवे शील आपण रोज ग्रहण करतो. भान हरवून टाकणाऱ्या पदार्थापासून दूर राहणे हा त्याचा अर्थ. तो पदार्थ झाडाचा की कारखान्याचा, असा भेद तिथे नाही. दुसऱ्या समाजाच्या विधीवर निवाडा देणे हे आपले काम नव्हे. त्यांनी आपल्या हक्कासाठी दिलेला लढा आदरानेच वाचावा. पण त्यांच्या विधीचे नाव घेऊन आपल्या खोलीत रसायनाची बाटली कोणी उघडू नये. आपल्या मुलांना रसायनशास्त्राची गोडी असेल तर ती शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या नजरेखाली वाढू द्या. तिथे ज्ञानही मिळते आणि डोळेही शाबूत राहतात.

विहारात रविवारी चर्चेसाठी प्रश्न

१. "झाडाचे आहे म्हणून चांगले" असे आपण कोणकोणत्या पदार्थांबद्दल म्हणतो? ते खरे आहे का?
२. आपल्या घरात कोणती रसायने आहेत, कोणत्या बाटलीत आहेत आणि मुलाचा हात तिथे पोहोचतो का?
३. डोळ्यात ॲसिड किंवा कॉस्टिक सोडा गेला तर पहिली कृती कोणती? घरातल्या प्रत्येकाला विचारून पाहा.
४. वस्तीत कोणी नशेत सापडले तर आपण आधी शिव्या देतो की आधी आधार देतो?